गाठ सापडली तर सातबारा नव्हे, रेशनकार्ड बाहेर काढा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौदाही तालुक्यांतील बंधुभगिनींनो,

"कॅन्सरचं ऑपरेशन योजनेत बसतं का?" हा प्रश्न दवाखान्यात विचारायला हवा, पण तो बहुतेक वेळा पतसंस्थेच्या काउंटरवर, जनावरांच्या बाजारात किंवा भावकीच्या ओसरीवर विचारला जातो. तोवर गाय विकलेली असते, सोनं गहाण पडलेलं असतं. म्हणून उत्तर आधी देतो, बाकीचं नंतर. बसतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या दोन्ही महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात. त्यांच्या यादीत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत, केमोथेरपी आहे आणि ज्याला आपल्याकडे 'शेक देणं' म्हणतात ते रेडिएशनही आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा किंवा जीभ काढणं, मानेतल्या गाठी काढणं, स्तनाचं ऑपरेशन, गर्भपिशवीच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन, अन्ननलिका, जठर, आतडं, थायरॉईड या सगळ्यांचा त्यात समावेश आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही.

हे आवाहन तातडीचं का आहे, तेही सांगतो. कॅन्सरची शस्त्रक्रिया लांबली तर नुकसान किती होतं, यावरचा जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. शस्त्रक्रिया चार आठवडे पुढे गेली की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, आणि पुढच्या प्रत्येक चार आठवड्यांना तो तसाच चढत जातो, असं त्यात दिसलं. आता आपल्या घरांतला हिशोब मांडून पाहा. कांद्याची पट्टी यायची आहे, ती आल्यावर बघू. कारखान्याचं पेमेंट झालं की ॲडमिट करू. पोरीचं लग्न उरकून घेऊ, मग दाखवू. यातली एकेक सबब चार आठवड्यांहून मोठी असते. आणि ज्या पैशासाठी ही वाट पाहिली जाते, तो पैसा अनेकदा लागणारच नसतो.

लोकांना माहिती नाही असं नाही. योजनेचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण अशी की बहुतेकांच्या डोक्यात जुनी योजना बसलेली आहे. २ जुलै २०१२ रोजी ती 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचा सोलापूर होता, आपण नव्हतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, तेव्हा नगरला मिळाली. त्या काळी मर्यादा दीड लाखाची होती आणि पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी जोडणी झाली, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मोठा बदल केला. मर्यादा ५ लाख झाली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी दार उघडलं. प्रत्यक्षात ही नवी रचना १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तेव्हा यादीत १३५६ उपचार होते, पुढे ती आणखी वाढवली गेली. पण पारावर अजून दीड लाखाचीच चर्चा चालते. "आपलं कार्ड पांढरं, आपल्याला नाही चालत" असं म्हणून मास्तर, तलाठी, छोटे दुकानदार दवाखान्याच्या खिडकीपर्यंतही जात नाहीत. त्यांनी जावं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वेगळं 'वय वंदना' कार्ड निघालं आहे. त्याला उत्पन्नाची अटच नाही. आजोबांच्या नावावर बागायत आहे म्हणून ते अपात्र ठरत नाहीत.

आता कामाची गोष्ट. योजनेशी जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. बहुधा प्रवेशाजवळच त्याचं टेबल असतं. बिलाच्या काउंटरवर जाण्याआधी, अनामत भरण्याआधी, नातेवाइकाच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावण्याआधी या माणसाकडे जा. रेशनकार्ड आणि आधार दाखवा. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर उत्तम, ते दाखवा. तो नोंद करतो, रुग्णालयाचे डॉक्टर रिपोर्ट जोडून ऑनलाइन मंजुरी मागतात, मंजुरी आली की ऑपरेशन होतं. ऑपरेशन, भूल, आयसीयू, औषधं, दाखल असतानाच्या तपासण्या, रुग्णाचं जेवण हे सगळं ठरलेल्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं. हे पॅकेज रुग्णालयाला सरकारकडून मिळतं. तुमच्याकडून त्यावर 'वरचे' पैसे घेण्याची मुभा कुणालाही नाही.

आणि याच परिच्छेदाखाली पेनाने रेघ ओढून ठेवा. ही कॅशलेस योजना आहे. आधी रोख भरायचे आणि मागाहून बिलं घेऊन सरकारकडे जायचं, अशी सोय तिच्यात नाही. फसगत इथेच होते. माणूस घाबरलेला असतो, "आधी ऑपरेशन उरकू, योजनेचं नंतर बघू" म्हणतो, दोन लाख भरतो, आणि मग पिशवीभर बिलं घेऊन कलेक्टर कचेरी, आमदारांचं संपर्क कार्यालय, झेडपी असा फिरत राहतो. त्या बिलांचं पुढे काही होत नाही. ज्यांनी भरले ते भरले. ज्यांना अजून भरायचे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दुसरी अडचण कार्डावरच्या नावांची, आणि ती बायकांच्या वाट्याला जास्त येते. सून लग्न होऊन आली, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर. आधारवर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं. म्हातारीचं नाव एका कागदावर 'सखुबाई', दुसऱ्यावर 'सखूबाई', तिसऱ्यावर नुसतंच 'सखू'. विभक्त कुटुंबाचं कार्ड वेगळं करायला टाकलं आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत ते अडकून पडलं. निरोगी असताना ही चूक कुणाला बोचत नाही. गाठ हाताला लागल्यावर मात्र तेच एक अक्षर पंधरा दिवस खातं. म्हणून घरात आज कुणी आजारी नसलं तरी या आठवड्यात कार्ड काढून बघा. सगळ्यांची नावं आहेत का, बारा अंकी ऑनलाइन नंबर आहे का, ई-केवायसीचे अंगठे झाले आहेत का. आयुष्मान कार्ड सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर निघतं, आशाताईसुद्धा मोबाइलवर काढून देतात. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर नेटवर्क नाही हे खरं आहे. तिथे ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून, राजूर किंवा भंडारदऱ्याला सगळ्यांना एकत्र नेऊन हे काम उरकावं.

ऑपरेशन कुठे होईल? जिल्ह्यात लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे, विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय आहे, शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत, नगर शहरात सिव्हिल आणि आनंदऋषीजी आहे. पण एक बारकावा लक्षात घ्या. एखादं रुग्णालय योजनेत आहे म्हणजे ते कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठीही योजनेत आहे, असं होत नाही. हृदयाला मान्यता आणि कॅन्सरला नाही, किंवा ऑपरेशनला आहे पण शेक देण्याचं मशीनच नाही, असं असू शकतं. या याद्या बदलतही असतात. म्हणून घरून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकावर फोन करून नेमकं विचारा: "तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन योजनेतून माझ्या जवळ कुठे होतं?" नुसतं "योजना चालते का" विचारलं तर उत्तर 'हो' येईल आणि तुम्ही चुकीच्या दारात जाऊन उभे राहाल.

जिल्ह्याची हद्द या योजनेला आडवी येत नाही. राज्यातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त रुग्णालयात जाता येतं. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, त्यामुळे कोपरगावकराला जे जवळ ते कर्जतकराला जवळ नाही. नेवासा-शेवगावच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सोयीचं पडतं. पारनेर-श्रीगोंद्याला पुणं. संगमनेर-अकोल्याला लोणी किंवा नाशिक. जामखेड-कर्जतच्या लोकांनी बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय विसरू नये. तालुक्याच्या गावी उभ्या राहिलेल्या या संस्थेने टाटा रुग्णालयासोबत धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांना घेऊन अभ्यास केला होता. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्या अभ्यासातून २००९ मध्ये जगाने वाचलं. त्या स्त्रिया तुमच्या-माझ्या आयाबहिणींसारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जावं लागलंच, तर राहण्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षं तिथे राहून उपचार घेत आले आहेत.

आता योजना काय देत नाही, तेही सांगतो, म्हणजे पुढे कुणी मला दोष देणार नाही. रोगाचं निदान होईपर्यंतच्या बाह्यरुग्ण तपासण्या, म्हणजे पहिली सोनोग्राफी, पहिला सीटी स्कॅन, बायोप्सी, बहुतेक वेळा खिशातूनच होतात. त्या सरकारी रुग्णालयात करून घेतल्या तर खर्च फार कमी येतो. काही महागडी नवी औषधं, नेमक्या पेशीवर काम करणारी किंवा प्रतिकारशक्ती जागी करणारी, यादीत असतीलच असं नाही. डॉक्टरांनी असं औषध लिहिलं तर "यादीतलं दुसरं आहे का?" हे विचारायला लाजू नका. सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं आणि बुडालेला रोज कुणी भरून देत नाही. एसटी आणि रेल्वे कॅन्सर रुग्णांना प्रवासात सवलत देतात, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्या. आणि ५ लाख ही रक्कम एकट्या रुग्णाची नसून कुटुंबाची असते. त्याच वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली असेल तर उरलेल्यात भागवावं लागेल.

रक्कम अपुरी पडली किंवा कागद जुळले नाहीत तरी वाट संपत नाही. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आहे, रुग्णालयाची मेहेरबानी नव्हे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयातला समाजसेवा अधिकारी गाठा. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांचा ईएसआयसीचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर त्यांनी आधी ईएसआयसीचं कार्ड शोधावं. तो हक्क त्यांनी पैसे भरून मिळवलेला आहे.

एक आक्षेप वारंवार ऐकू येतो: "योजनेतून केलं की डॉक्टर मन लावून करत नाहीत." मला हा आक्षेप पटत नाही. टेबलावरचा रुग्ण योजनेचा असो की रोखीचा, सर्जन तोच असतो आणि थिएटरही तेच असतं. खोली वेगळी असते, एसी नसतो, रांग मोठी असते, हे खरं. काही ठिकाणी "योजनेतला बेड शिल्लक नाही, रोखीने आत्ता होईल" असं सांगितलं जातं, हेही खरं. असं कुणी म्हणालं तर भांडत बसू नका. बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहा, तिथूनच टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. योजनेचा जिल्हा समन्वयक असतो, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो. तक्रारीचा नंबर हातात असलेल्या माणसाशी खिडकीतला आवाज जरा बदलतो.

भीतीचा उलटा व्यापारही होतो, त्यापासून सावध राहा. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा त्रास, पांढरं पाणी एवढं सांगितलं की "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल" असं ऐकवलं जायचं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायका त्याच फडात, त्याच टोळ्यांत असतात. म्हणून स्पष्ट सांगतो: बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय कॅन्सरच्या नावावर कुणालाही कापू देऊ नका. योजनेत मंजुरीसाठी तो रिपोर्ट मागतात याचा काहींना राग येतो. मला तो योजनेतला सगळ्यात शहाणा कागद वाटतो.

आता काही जणांना नावानिशी नव्हे, पण कामानिशी विनंती.

पतसंस्था, विकास सोसायटी आणि सराफ मंडळींनो, कॅन्सर म्हणून कर्ज मागायला कुणी आला तर अर्ज पुढे करण्याआधी एवढंच विचारा, "आरोग्यमित्राला भेटलात का?" या एका प्रश्नाने तुमचं एखादं कर्ज कमी होईल, पण बुडीत खातंही कमी होईल.

गावातल्या डॉक्टरांनो, तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंड उघडायला त्रास होतो, स्तनात न दुखणारी गाठ आहे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय, तर मलम आणि गोळ्यांचा आणखी एक कोर्स देऊ नका. चिठ्ठी लिहून पुढे पाठवा आणि चिठ्ठीवर टोल फ्री क्रमांक लिहा. आपल्याकडे मिसरी, तंबाखू आणि गुटखा घराघरांत आहे, तोंडाचा कॅन्सर तुमच्याच खुर्चीसमोर पहिल्यांदा येऊन बसतो.

आशाताई आणि अंगणवाडीताईंनो, तुमच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मानधन वेळेवर येत नाही, हे माहीत असूनही मागतो आहे, कारण बाई आपल्या छातीतल्या गाठीबद्दल नवऱ्याआधी तुम्हाला सांगते. याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून आरोळे दाम्पत्याने अर्धशिक्षित, निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं आणि गावंच्या गावं सुधारली. बाईने बाईला सांगितलेली गोष्ट किती लांब जाते हे आपल्या जिल्ह्याला नव्याने शिकवायला नको.

सरपंच आणि ग्रामसेवकांनो, पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. ज्या रुग्णालयांत कॅन्सरची शस्त्रक्रिया योजनेतून होते त्यांची ताजी यादी जिल्हा समन्वयकाकडून मागवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि रेशन दुकानाच्या दारावर लावा. ज्यांची कार्डं अपुरी आहेत त्यांचीही यादी करा आणि तहसीलला एकगठ्ठा पाठपुरावा करा. एकट्या माणसाला "उद्या या" म्हणणं सोपं असतं, चाळीस जणांच्या यादीला तसं म्हणणं अवघड जातं.

साखर कारखान्याच्या संचालकांनो आणि मुकादमांनो, शेवटी तुमच्याशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि माणसं चार-पाच महिने गावाबाहेर राहतात. रेशनकार्ड गावी पत्र्याच्या पेटीत, आणि दुखणं कोपीवर. उचल देताना तुम्ही आधारची झेरॉक्स घेताच. त्याच वेळी प्रत्येक जोडप्याचं आयुष्मान कार्ड निघालं आहे का ते बघा, नसेल तर गाडी भरण्याआधी काढून घ्या आणि मूळ कार्ड त्या बाईच्याच हातात द्या, तुमच्या बॅगेत ठेवू नका. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांनी तर केंद्राच्या यादीत नाव आहे का हे निघण्याआधी १४५५५ वर विचारून ठेवावं, कारण आयुष्मान भारतचे लाभार्थी राज्याबाहेरच्या मान्यताप्राप्त रुग्णालयातही उपचार घेऊ शकतात. आणि फडावर कुणाला गाठ किंवा चट्टा दिसला, तर पट्टा पडेपर्यंत थांबवू नका. त्या जोडप्याचा हिशोब बाजूला ठेवा आणि त्यांना त्याच दिवशी गाडीत बसवा. उचल कुठे पळून जात नाही.